इमर्जन्सी एक्झिटची सीट आणि मामांचे हजारभर रुपये

विमानाचं तिकीट काढताना सीटचा नकाशा येतो बघा, त्यात मधल्या एक-दोन रांगा वेगळ्या रंगात असतात आणि त्यावर जादा पैसे लावलेले असतात, का तर म्हणे एक्स्ट्रा लेगरूम. ही रांग म्हणजे इमर्जन्सी एक्झिटची रांग. आमचा कोल्हापुरातल्या राजारामपुरीतला तिकीटवाला तर येईल त्या म्हाताऱ्या माणसाला हेच सांगतो, काका ती मोकळी सीट घ्या, पाय ऐसपैस पसरून बसा.

आणि ऐसपैस पाय कुणाला पसरायचे असतात हो? ज्याचे गुडघे गेलेत त्यालाच की. म्हणजे ज्याला तिथं बसायची परवानगी नाही नेमकं तेच गिऱ्हाईक. आमच्या मामांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, हातात काठी असते, त्यांनी पुणे-दिल्लीच्या विमानात हीच सीट हजारभर रुपये जादा भरून घेतली. बसल्या बसल्या हवाई सुंदरी आली, काठी बघितली आणि हिंदीत म्हणाली सर तुम्हाला इथं बसता येणार नाही. मामा म्हणाले, "का बरं? पैसं भरल्यात की!" झालं, उठवलं आणि पार मागं मधल्या सीटवर बसवलं. तिचं काही चुकलं नाही, नियमच तसा आहे, लहान मुलं, गरोदर बायका, ज्यांना चालताना-उचलताना अडचण आहे असे लोक तिथं चालत नाहीत. पण मग पैसे घेताना हे का नाही विचारलं? विचारलं म्हणे, एक टिक करायचा चौकोन होता. पैसे परत मागितले तर तोच चौकोन दाखवला.

खरी गंमत पुढं आहे. मामा उठल्यावर ती खिडकीची सीट दिल्लीपर्यंत रिकामी. मागच्या रांगेतला एक चांगला उंचापुरा पोरगा म्हणाला मी बसू का, तर उत्तर आलं की ती पेड सीट आहे. म्हणजे दार उघडायच्या जागेवर माणूसच नाही, कारण त्या पोरानं जादा पैसे भरले नाहीत! आणि शेजारचा जो होता त्याला क्रूनं विचारलं मदत करायला तयार आहात का, त्यानं कानातला इअरफोन न काढता मान हलवली. खलास. उद्या गंगावेस तालमीतला एखादा पैलवान त्या विमानात असला तरी तो फुकटच्या सीटवर मागं टॉयलेटजवळ असणार.

एअरबस ३२० च्या पंखावरचं ते दार साधारण १५ किलोचं असतं, हँडल ओढलं की ते हातात येतं आणि बाहेर टाकायचं असतं. सगळं विमान ९० सेकंदात रिकामं करता आलं पाहिजे, तेही निम्मी दारं बंद धरून, या हिशोबावर विमानाला मंजुरी मिळते.

आणि ती मोकळी जागा आली कुठनं माहितेय? २२ ऑगस्ट १९८५, मँचेस्टर. बोइंग ७३७ टेकऑफ घेतानाच पेटलं. पंखावरच्या दाराशी बसलेल्या बाईनं घाबरून हँडल समजून सीटच्या हाताचा खटका ओढला, मग शेजारच्यांनी धडपड केली तर ते २०-२२ किलोचं दार आत तिच्याच अंगावर पडलं. विमान थांबल्यापासून ते दार मोकळं व्हायला पाऊण मिनिट गेलं. ५५ माणसं गेली, बरीचशी धुरानं. त्यानंतर ब्रिटनच्या विमान खात्यानं या दाराशेजारी सीटमध्ये जास्त अंतर ठेवायला लावलं. म्हणजे ती जागा पाय पसरायला नाहीच, ती बाकीच्या लोकांची बाहेर पडायची वाट आहे, आणि आपण तीच सोयीची वस्तू म्हणून विकत घेतोय. एसटीत संकटकाळी बाहेर पडायच्या मार्गाशेजारच्या सीटचे कंडक्टरनं जादा पैसे मागितले असते तर आपण त्याला जोतिबापर्यंत पळवला असता.

कंपन्यांनी पैसे कमवू नयेत असं माझं म्हणणं नाही, खिडकी विका, पहिली रांग विका, सँडविच विका. पण सगळंच बाजारावर सोडायचं नसतं हे आपल्याकडं मान्य झालेलं आहे, २०२४ मध्ये डीजीसीएनं, म्हणजे आपल्या विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्यानं, सांगितलंच की १२ वर्षांपर्यंतच्या पोराला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा बापाशेजारी सीट द्यायचीच. तसंच इथंही करा की. ही रांग वेबसाइटवर विकूच नका, काउंटरवर माणूस डोळ्यानं बघून द्या. ते जमत नसेल तर निदान विमानाचं दार बंद झाल्यावर रिकामी राहिलेली सीट क्रूनं एखाद्या धडधाकट, तयार असलेल्या माणसाला फुकट द्यावी, कंपनीचा एक रुपया बुडत नाही, ती सीट तशीही रिकामीच जाणार असते. आणि गुडघेवाल्यांना वाटेकडची सीट द्या, निदान एक पाय तरी सरळ होतो.