इओसिनोफिल वाढलेत, पण जंत सापडत नाहीत

सीबीसीच्या (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टवर इओसिनोफिल, म्हणजे जंत-ॲलर्जीत वाढणाऱ्या पांढऱ्या पेशी, १४ टक्के आणि संडासच्या तपासणीत ना जंत, ना अंडी. मग घरात निष्कर्ष ठरलेला, लॅबनं घोळ घातला. बहुतेकदा लॅब बरोबरच असते.

आधी टक्केवारी बाजूला ठेवा. एकूण पांढऱ्या पेशींना टक्क्यांनी गुणून १०० नं भागा. ९,००० पेशींच्या १४ टक्के म्हणजे १,२६०. पेशी ४,००० असतील तर त्याच १४ टक्क्यांचे ५६० होतात. ५०० पर्यंत ठीक. दमा, ॲलर्जी आणि काही औषधांनीही हा आकडा चढतो, हे विसरू नका.

गोल जंताची मादी ३५ सेंटीमीटरपर्यंत वाढते आणि इओसिनोफिल जेमतेम १२ ते १५ मायक्रॉनचा. जिवाणू गिळतात तसा जंत गिळणं शक्यच नाही. म्हणून या पेशी अँटिबॉडी चिकटलेल्या अळीला घोळक्यानं बिलगतात आणि पोटातले कण तिच्यावर रिकामे करतात. स्लाइडवर नारिंगी-गुलाबी दिसतात तेच हे कण. त्यातली प्रथिनं अळीचं आवरण पोखरतात, आणि आजूबाजूचं आपलं मांसही. हे फुफ्फुसात घडलं की खोकला येतो, धाप लागते.

आता वेळेचं गणित बघा. पोटात गेलेल्या गोल जंताच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या यकृतामार्गे साधारण दोन आठवड्यांत फुफ्फुसात पोचतात. तिथून घशाशी चढून पुन्हा गिळल्या जातात. इओसिनोफिल उसळतात ते या प्रवासात. संडासात अंडी दिसायला मात्र दोन-तीन महिने लागतात. खोकल्याच्या दिवसांत ती शोधून काय मिळणार? जंत आतड्यात स्थिरावला की आकडा उतरतो, म्हणजे जंत पडतायत आणि रिपोर्ट नॉर्मल, हेही होतं. अमीबा, जिआर्डिया हे एकपेशीय. त्यांनी इओसिनोफिल सहसा वाढत नाहीत.

आतड्यातली फौज वेगळी. अस्तरातल्या टफ्ट पेशींना जंताची चाहूल लागते (हे काम २०१६ मध्ये उलगडलं), त्या इंटरल्यूकिन-२५ हा रासायनिक निरोप सोडतात, मग दुसऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१३. चिकट स्राव वाढतो, आतडं जोरात आकुंचतं, जंत बाहेर ढकलला जातो.

हत्तीरोगाच्या पट्ट्यात, म्हणजे आपल्याकडे गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, आणखी एक गंमत. रक्तात मायक्रोफायलेरिया (हत्तीरोगाच्या जंताची सूक्ष्म पिल्लं) फिरत असलेला माणूस अनेकदा ठणठणीत असतो; नियंत्रक टी पेशी प्रतिकार दाबून धरतात. उलट ज्याची प्रतिकारशक्ती पिसाळते त्याला रात्री खोकला, इओसिनोफिल ३,००० च्या वर, आणि रात्री रक्त काढलं तरी त्यात काही नाही, कारण मायक्रोफायलेरिया फुफ्फुसातच मारले जातात. दम्याचे पंप बदलत बसण्यापेक्षा डॉक्टरांकडून याची शहानिशा करून घ्या. इलाज डीईसी (डायइथिलकार्बामॅझिन) या औषधाचा, सुमारे तीन आठवडे.

खरी भीती स्टिरॉइडची. स्ट्राँगिलॉइडिस हा अनवाणी पायातून शिरणारा जंत आतल्या आत पुन्हा संसर्ग करत दशकानुदशकं टिकतो. स्टिरॉइडनं इओसिनोफिल काही तासांत घसरतात, रिपोर्ट स्वच्छ दिसतो आणि अळ्या आतड्यातले जिवाणू घेऊन अंगभर पसरतात. जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची ४०० मिलिग्रॅमची एक गोळी याला पुरत नाही. आयव्हरमेक्टिन लागतं, किलोमागे २०० मायक्रोग्रॅम, आणि तेही स्टिरॉइडच्या आधी.