"हवामान तर पहिल्यापासून बदलतंय ना, बाई?"

लग्नाच्या पंगतीत, एस्टीत, माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात, सगळीकडे हाच प्रश्न. "बाई, हवामान पहिल्यापासूनच बदलत आलंय. मग आत्ताच माणसाच्या माथी का?" विचारणारा असा हसतो, जणू मला हे कधी सुचलंच नव्हतं.

अहो, वीस वर्षं मी नववीला हेच शिकवलं! हिमयुगं आली नि गेली, पृथ्वीची कक्षा बदलते, सूर्यावरचे डाग कमीजास्त होतात. आपला सह्याद्री म्हणजे सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा, तेव्हा कुठे होता माणूस? मुलं खूश, मीही. यातलं एकही वाक्य खोटं नव्हतं, म्हणून तर ते सोडवत नव्हतं. पुढे एक गोष्ट वाचली नि अडकले. सूर्यच जास्त तापला असता, तर वातावरणाचा वरचा थरही तापला असता. तो थंड होतोय आणि खालचा तापतोय. मग मत बदललं. जरा जास्तच बदललं.

3 जून 2020. त्या चक्रीवादळाला बांगलादेशाने सुचवलेलं नाव होतं 'निसर्ग'. टाळेबंदीमुळे मी श्रीवर्धनजवळ माहेरीच होते. आबांनी चाळीस वर्षं शिंपलेल्या पोफळी एका दुपारी आडव्या झाल्या. एकमेकींत अशा अडकलेल्या, की वाडीत पाऊल टाकायला जागा नाही. वीज नाही, फोन नाही. संध्याकाळी कौलांचे तुकडे गोळा करताना आबा एका बुंध्यावर बसले. "तू भूगोल शिकवतेस ना? सांग, हे कुणी केलं?"

मी वर्गात बोलावं तशी सुटले. कोळसा, तेल, कारखाने यायच्या आधी हवेत दशलक्षात 280 भाग कार्बन डायऑक्साइड होता, आता 410च्या वर गेलाय. अरबी समुद्र तापलाय. हे माणसाने केलंय, आबा.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "मी जन्मभर सायकल चालवली. मग भरपाईचा अर्ज कुणाच्या नावाने लिहू?"

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत.

त्यांचं चुकलं नव्हतं. माझंही पुरतं चुकलं नव्हतं, असं मी स्वतःला सांगते. पण ते एक अख्खं वादळ माणसाच्या नावावर टाकायला नको होतं. वादळं आधीही येत होती. तापलेला समुद्र वादळाला जास्त बळ पुरवतो, एवढंच म्हणायचं होतं. आडव्या पोफळींत बसून 'एवढंच' कसं म्हणतात, ते मात्र मला कुणी शिकवलेलं नाही.

तर तुमचं उत्तर. हो, पूर्वीही बदलत होतं. शेवटचं हिमयुग संपताना पाचेक अंश चढायला दहा हजार वर्षं लागली, आपण दीडशे वर्षांत एक अंशाहून जास्त चढवला. आणि 1980नंतर सूर्याचा ताप वाढलेला नाही. पटलं नाही तर पंगतीत पुन्हा विचाराल, माहीत आहे.

आबांनी नवी रोपं लावली, ती आत्ता कुठे धरू लागलीत. जुन्या पोफळी कुठे गेल्या असं कुणी विचारलं, की ते म्हणतात, "निसर्गात गेल्या." मी शेजारीच उभी असते. काही बोलत नाही.