वेचणीच्या दिवसांत कॅमेरा घेऊन: यवतमाळ ते पांढरकवडा

कापसाचा पट्टा माणसांसकट पाहायचा असेल तर दिवाळीनंतर या आणि वाट वाकडी करून या. नागपूर-हैदराबाद महामार्गाने पांढरकवडा सरळ गाठता येतं, पण त्या रस्त्यावर कापूस खिडकीतूनच दिसतो. मी वर्धा, कळंब, यवतमाळ आणि मग घाटंजीवरून गेलो. टिपेश्वर अभयारण्याच्या वाघांसाठी येणारी मंडळी परतताना एखाद्या शेताशी गाडी थांबवतात, चार बायकांचे फोटो उडवतात आणि निघून जातात. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, हे मला अनेकदा दिसलं. कॅमेरा घेऊन या भागात येणार असाल तर पुढचं तुमच्यासाठी.

आधी वेळेचं. सकाळी लवकर शेतात जाऊन उपयोग नाही. बायका घरचा सैपाक उरकून, कापसावरचं दव वाळल्यावर येतात. वेचणीची मजुरी किलोवर असते, रोजावर नाही. म्हणजे तुमच्यासाठी ती ओळ सोडून उभी राहिली, हसली, पुन्हा उभी राहिली, की तेवढा कापूस तिच्या कमरेला बांधलेल्या ओटीत कमी पडतो. हे ती तुम्हाला सांगणार नाही. म्हणून काम चालू असताना तिला थांबवू नका, तिच्या ओळीत शिरू नका आणि ‘इकडे बघा’ तर म्हणूच नका. दुपारी झाडाखाली डबे सुटतात, तेव्हा जाऊन बसा. संध्याकाळी धुऱ्यावर काटा लागतो तेव्हा मात्र चार हात लांब राहा. सगळ्यांचं लक्ष वजनाकडे असतं, एखाद्या किलोवरून बोलाचालीही होते आणि मालकाला त्या वेळी कॅमेरा नको असतो. वजन झालं, बायका घराकडे निघाल्या, की उजेडही छान असतो आणि बोलायला उसंतही.

आता परवानगी. सगळे सांगतात, विचारून काढा. बरोबरच आहे, पण इकडे ते पुरत नाही, कारण इकडे पाहुण्याला नाही म्हणत नाहीत. ‘काढा नं जी, काय होते त्याले’ हे उत्तर ठरलेलंच आहे. तोंडाने हो म्हणणारी बाई त्याच वेळी पदर कपाळाखाली ओढते, शेजारणीच्या मागे सरकते किंवा शेतमालकाच्या तोंडाकडे बघते. मग तो होकार धरू नये. दुसरी गोष्ट, परवानगी भलत्याकडून घेऊ नका. सरपंच म्हणतो ‘घ्या बिनधास्त’, मुकादम म्हणतो ‘ए, उभ्या राहा गं’, नवरा म्हणतो ‘तिले काय विचारता’. चेहरा तिचा आहे, तिलाच विचारा. सोबत एखादी बाई असली तर विचारायचं काम तिच्यावर सोपवा, फार फरक पडतो.

घाटंजीच्या अलीकडे एका शेतात वेचणाऱ्या काकू भेटल्या. इकडच्या बहुतेक मजूर बाया कामावर साडीवरून नवऱ्याचा जुना, पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात. उन्हापासून आणि पऱ्हाटीच्या, म्हणजे कापसाच्या झाडाच्या, ओरखड्यांपासून वाचायला. कमरेला ओटी, डोक्याला रुमाल, बोटांना चिंध्या गुंडाळलेल्या, कारण वाळलेल्या बोंडाची टोकं टोचून नखांच्या कडा फाटतात. कॅमेरेवाल्याला अर्थातच हेच सगळं हवं असतं. मी विचारलं तर त्या म्हणाल्या, ‘थांब नं भाऊ, हा शर्ट काहाडू दे. पोरगी पाह्यन तं म्हनन, माय कशी दिसते!’ शर्ट उतरला, चिंध्या सुटल्या, पदर नीट झाला, ओटी पऱ्हाटीआड गेली आणि त्या पासपोर्टच्या फोटोसारख्या ताठ उभ्या राहिल्या. अशा वेळी ‘नको काकू, शर्ट राहू द्या’ असं म्हणण्याचा मोह आवरा. स्वतः कसं दिसायचं हे त्यांनी ठरवलेलं असतं. आधी तो फोटो काढा, मनापासून, दोन-तीन वेळा, आणि पडद्यावर दाखवा. पुढे मी हातांच्या फोटोचं बोललो, तर त्यांनी विचारलं, ‘अन् हाताचा कायले पाह्यजे तुले?’ मी कारण सांगितलं. ‘काढ मंग’ म्हणून त्यांनी चिंध्या परत गुंडाळल्या. चेहरा द्यायला संकोचणाऱ्या बायका हातांचा फोटो सहज देतात, हे पुढेही दिसलं.

या जिल्ह्यात यायचं म्हटलं की काहींच्या डोक्यात शेतकरी आत्महत्याच असतात. गेली वीसेक वर्षं इथे इतके कॅमेरे येऊन गेले की काही घरांना त्याची रीतच माहीत झाली आहे. ओळखीच्या शिक्षकांबरोबर एका घरी चहाला गेलो होतो. गळ्यातला कॅमेरा बघून आजी आत गेल्या, हार घातलेली तसबीर घेऊन आल्या आणि म्हणाल्या, ‘हा धरून बसू का?’ कोणीही काही मागितलं नव्हतं. माझं मत स्पष्ट आहे: बातमीचं काम नसेल तर अशा घरात कॅमेरा पिशवीतच राहावा. आणि ‘मदत मिळेल’ असा पुसटसाही समज होऊ देऊ नये. तुमच्या फोटोने कर्ज फिटणार नसतं.

पांढरकवड्याच्या बाजूला कोलामांचे पोड आहेत. पोड म्हणजे त्यांची वस्ती, बहुधा मुख्य गावापासून जराशी लांब. कातकरी आणि माडियांप्रमाणे कोलामही राज्यातल्या तीन विशेष असुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. थेट आत घुसू नका. ओळखीच्या कोणाला सोबत घ्या, आधी नाईकाला, म्हणजे पोडाच्या प्रमुखाला, भेटा आणि पूजेची जागा किंवा घराचं दार टिपण्याआधी पुन्हा विचारा. पहिल्या भेटीत कॅमेरा काढलाच नाही तरी चालतं. मी काढला नाही.

जपानमधल्या क्योतो शहराच्या गिओन भागात खासगी गल्ल्यांत विनापरवाना फोटो काढल्यास १०,००० येन दंड, अशा पाट्या २०१९ मध्ये लागल्या. आपली माणसं तिथे शहाण्यासारखी वागतात. पोडावर पाटी नाही, एवढाच काय तो फरक.

पोरांचं थोडक्यात. ती स्वतःहून घेरतात, ‘माह्या काढा’ म्हणतात. हसा, दाखवा, पण आईबापाला विचारल्याशिवाय इंटरनेटवर टाकू नका. शाळेचं नाव, गावाची पाटी चौकटीत नको आणि फोनचं लोकेशन बंद ठेवा. चॉकलेट, पैसे वाटू नका. पुढच्या येणाऱ्याकडे मग हात पसरले जातात. मोठ्यांनाही फोटोपुरते पैसे देऊ नयेत असं मला वाटतं. मात्र कोणाचा अर्धा तास घेतला असेल तर बुडालेल्या मजुरीचं विचारायला लाजू नका.

लेन्स ३५ किंवा ५० मिमीची बरी. लांब पल्ल्याची लेन्स वाघाला ठेवा. तिने माणसाला नकळत टिपता येतं आणि नेमकं तेच टाळायचं आहे. भर दुपारी पांढऱ्या कापसामुळे कॅमेरा फसतो आणि सावळे चेहरे काळेठिक्कर येतात. उजेड चेहऱ्यावर मोजा, फोटोत कापूस थोडा जळाला, म्हणजे नुसता पांढराफटक आला, तरी येऊ द्या.

आणि प्रिंट द्या. व्हॉट्सअॅपवर पाठवलेला फोटो बहुधा मुलाच्या फोनवर जातो, आईपर्यंत पोचेलच असं नाही. यवतमाळच्या स्टुडिओत ४ बाय ६ इंचांच्या प्रती सहज निघतात. मुक्काम असेल तर दुसऱ्या दिवशीच नेऊन द्या. नाहीतर गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताई किंवा किराणा दुकानदाराचा पत्ता घेऊन पोस्टाने पाठवा, आणि प्रत्येक प्रतीमागे नाव लिहा, कारण एका नावाच्या दोन-तीन जणी निघतातच. लॅमिनेशन करूनच पाठवा. मातीच्या भिंतीवर पावसाळ्यात ओल धरते आणि साधा कागद टिकत नाही.