गळा आधी, गज नंतर

परभणीत आमच्या घरी संगीत म्हणजे पेटी. एकादशीच्या भजनात वडिलांपुढे पेटी असायची आणि पट्टी दाबली की सूर हजर, एवढाच माझा वाद्यांशी परिचय होता. चाळिशी उलटल्यावर व्हायोलिन शिकायला बसलो, तेव्हा पहिला धक्का बसला तो हा की या वाद्यावर सूर कुणी आधी मांडून ठेवलेलाच नसतो. ना पडदे, ना पट्ट्या, नुसत्या काळ्या गुळगुळीत फळीवर बोट पडेल तिथला आवाज आपला, आणि बोट केसभर सरकले तरी तो बेसूर. गुरुजींनी तर पहिला महिनाभर गज, म्हणजे तारांवर फिरवायची काठी, हाती दिलाच नाही. "आधी गाऊन दाखवा, मग वाजवा," असे ते म्हणत. माझा घोगरा भूप ऐकून शेजारची पोरे हसत. ही सक्ती मला त्या वेळी अनाठायी वाटली होती. तिचा अर्थ पुढे व्हायोलिनवादक डॉ. एन. राजम यांची कारकीर्द समजून घेताना लागला.

राजम यांचा जन्म १९३८ सालचा. वडील ए. नारायण अय्यर हेच त्यांचे पहिले गुरू, आणि थोरले बंधू टी. एन. कृष्णन पुढे कर्नाटक संगीतातले अग्रगण्य व्हायोलिनवादक झाले. तिसऱ्या वर्षी हातात वाद्य आले. नंतर कर्नाटक गायक मुसिरी सुब्रमण्य अय्यर यांचीही तालीम मिळाली. दक्षिणेत व्हायोलिनचे बस्तान हे वाद्य कर्नाटक संगीतात आणणाऱ्या बाळुस्वामी दीक्षितार यांच्या काळापासून, म्हणजे एकोणिसाव्या शतकापासूनच बसलेले होते, त्यामुळे राजम यांच्यापुढे चांगली रुळलेली वाट होती. ती वाट बाजूला ठेवून त्या हिंदुस्थानी संगीताकडे वळल्या आणि पं. ओंकारनाथ ठाकूर यांच्या शिष्या झाल्या.

येथेच मला खरी गंमत वाटते. ओंकारनाथ गायक होते. कुरुंदवाडच्या विष्णु दिगंबर पलुस्करांचे ते शिष्य, म्हणजे या तमिळ मुलीच्या हिंदुस्थानी तालमीचे एक मूळ आपल्या कृष्णाकाठी निघते. गुरूने गायचे आणि शिष्येने तेच तारेवर उमटवायचे, अशी ही तालीम होती. ओंकारनाथांच्या गायनात काकुप्रयोगाला, म्हणजे भावानुसार आवाज बदलण्याला, फार महत्त्व. एकच शब्द ते कधी गर्जून म्हणत, कधी अगदी कुजबुजत. हे सारे गजाच्या दाबावर आणायचे म्हणजे उजव्या मनगटाने गळ्याचे काम करायचे.

आपल्याकडे पं. गजाननबुवा जोशी यांनी गायन आणि व्हायोलिन दोन्ही सांभाळले, पं. व्ही. जी. जोगांच्या वादनात लयकारीचा थाट होता, आणि ती वाटही मला प्रिय आहे. पण राजम यांनी गायकी अंग, म्हणजे वाद्यातून गाण्यासारखे वाजवणे, ज्या टोकापर्यंत नेले, ते ऐकताना वाद्याचा विसरच पडतो. त्याचे कारण थोडे तांत्रिक आहे. आपल्या बैठकीत वाद्याचे डोके उजव्या घोट्यावर टेकलेले असते, त्यामुळे डाव्या हाताला व्हायोलिन पेलावे लागत नाही आणि एकाच बोटाने लांबलचक मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणे, घेता येते. अडचण उजव्या हाताची आहे. गज संपतो, तो उलटा फिरवावाच लागतो, आणि फिरवताना नवशिक्याच्या सुरात एक बारीकसा हिसका बसतो. मी एकदा त्यांच्या विलंबित मालकंसातली एक संथ आलापी मध्यमापर्यंत नक्कल करून पाहिली, तर माझ्या आवृत्तीत तीन ठिकाणी टाका दिसला. त्यांच्या वादनात गज फिरतो तो दोन शब्दांच्या मध्ये, गायक श्वास घेतो त्या जागी. गाणे आधी गळ्यात असल्याशिवाय ती जागा सापडत नाही.

पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात त्यांनी दीर्घकाळ अध्यापन केले. १९८४ मध्ये पद्मश्री आणि २००४ मध्ये पद्मभूषण मिळाले. मला त्याहून मोलाचे वाटते ते हे की कन्या संगीता शंकर आणि नाती रागिणी व नंदिनी यांच्या हातीही हाच गज आला.

माझी प्रगती विचाराल तर सांगण्यासारखी नाही. गेल्या मे महिन्यात मी मूर्खासारखे व्हायोलिन पत्र्याच्या खोलीत कपाटावर ठेवले. आमच्याकडचा कोरडा उन्हाळा लाकडाला सोसत नाही. खुंट्या सैल झाल्या, तारा उचलून धरणारी घोडी आडवी पडली आणि एका कडेचा सरस सुटून फट पडली. दुरुस्तीला दिलेले वाद्य दोन महिने परत आले नाही. गुरुजींकडे रडगाणे नेले, तेव्हा त्यांनी तंबोरा माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "बरे झाले. म्हणा."