सर, मोठ्या घरचा होता म्हणूनच लागला ना?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. नाशिकला कॅनडा कॉर्नरजवळ अभ्यासिकेत पोरांना आधुनिक भारत शिकवतो, आणि ‘पहिले भारतीय आयसीएस कोण, तर सत्येंद्रनाथ टागोर, रवींद्रनाथांचे थोरले बंधू’ असं म्हटलं रे म्हटलं की मागून कुणीतरी हे विचारतंच. (आयसीएस म्हणजे इंडियन सिव्हिल सर्व्हिस, इंग्रजांच्या काळातली आयएएससारखी बडी नोकरी.) बहुतेक वेळा दिंडोरी, सिन्नरकडचं पोरगं असतं, ज्याच्या घरात सरकारी कागद म्हणजे सातबारा आणि सोसायटीची नोटीस. प्रश्न रास्त आहे, पोरांनो. उत्तर एवढंच की परीक्षेला बसेपर्यंत घराणं कामाला आलं, पुढे फारसं नाही.

कामाला कसं आलं, तर परीक्षाच मुळात लंडनला. हिंदुस्थानात ती घ्यायला लागले १९२२ पासून, म्हणजे त्याआधी नुसता फॉर्म भरायचा तरी बोटीचं भाडं, तिकडे राहणं, शिकवण्या, हे सगळं ज्याला झेपेल त्यानेच स्वप्न बघायचं. आजोबा द्वारकानाथ, कलकत्त्याचे बडे व्यापारी. ते १८४६ ला लंडनमध्ये वारले, मागे मोठं कर्ज होतं आणि वडलांनी, देवेंद्रनाथांनी ते फेडलं, पण टागोरांचा कलकत्त्यातला जोडासांकोचा वाडा तो वाडाच. १८६२ ला सत्येंद्रनाथ निघाले तेव्हा सोबत मित्र होता, मनमोहन घोष. तोही खात्यापित्या घरचा. पण तो दोनदा बसला आणि दोन्ही वेळा नापास झाला, मग बॅरिस्टर झाला. सत्येंद्रनाथ १८६३ ला लागले, वय २१.

आता गंमत बघा. एक नेटिव्ह लागला काय, त्यानंतर संस्कृत आणि अरबीचे मार्कच कमी केले, ५०० चे ३७५. स्पर्धा परीक्षेत ऑप्शनल विषयाचं वजन बदललं की तुमच्यात केवढा गदारोळ होतो, तसाच प्रकार. वयाची कमाल अट २२ वरून २१ झाली आणि पुढे १८७८ पासून तर थेट १९! एकोणिसाव्या वर्षी बंगालमधून बोटीने जाऊन परीक्षा कोण देणार? हा योगायोग होता असं मला तरी वाटत नाही.

पोस्टिंग मिळालं मुंबई इलाख्यात, घरापासून पार दुसऱ्या टोकाला. अहमदाबाद, कारवार, सोलापूर, सातारा अशा बदल्या. कलकत्त्याची रेल्वे मुंबईला जबलपूरमार्गे जोडली गेली १८७० ला, म्हणजे ती वाट आपल्या नाशिकरोडवरूनच जायची, त्याआधी सगळा बोटीचा कारभार.

मला विचाराल तर परीक्षेपेक्षा बायकोला नोकरीच्या गावी घेऊन जाणं जास्त अवघड गेलं असणार. वाड्यातली सून बाहेर कशी पडणार? ज्ञानदानंदिनींकडे बाहेर नेसायला धड कपडेच नव्हते, मग एका फ्रेंच शिवणवालीकडून काहीतरी पौर्वात्य थाटाचा पोशाख शिवून घेतला, तो इतका किचकट की बाईंना एकटीने घालता येईना, नवऱ्याने मदत करायची! बंदरापर्यंत पालखीच, उघड्या गाडीतून जायचं नाही असं सासऱ्यांचं फर्मान. मुंबईत पारशी कुटुंबात राहिल्या, तिथे साडी नेसायची पद्धत उचलली, आत परकर आणि पोलकं, पदर डाव्या खांद्यावर, आणि तीच पुढे कलकत्त्यात फॅशन झाली. १८६६ ला सत्येंद्रनाथ त्यांना व्हाइसरॉयच्या पार्टीला घेऊन गेले, तर तिथे घराण्यातलेच एक वडीलधारे, प्रसन्नकुमार टागोर, घरची सून चारचौघांत बघून शरमेने उठून निघून गेले म्हणे. घ्या, हे मोठ्या घराचं प्रेशर.

आणि ऑफिसात? तिथे टागोर या आडनावाला कोण विचारतो! आयसीएस म्हटलं की आपल्या नाशिककराला कलेक्टर जॅक्सन आठवतो, १९०९ ला विजयानंद थिएटरात कान्हेरेंनी गोळी घातलेला, म्हणजे कलेक्टरचा रुबाब. सत्येंद्रनाथांची बरीचशी नोकरी न्यायखात्यात गेली. त्यातही खेड्यापाड्यातल्या कोर्टात गोऱ्या माणसावरचा फौजदारी खटला देशी जज्जाने चालवायचा नाही असा तेव्हाचा कायदा. म्हणजे परीक्षा तीच, खुर्ची तीच, पण समोर साहेब आरोपी असला तर तुम्ही बाजूला व्हा. ते बदलायला इल्बर्ट बिल आणलं १८८३ ला, गोऱ्यांनी असा थयथयाट केला की पुढच्या वर्षी निम्मी ज्युरी गोरी ठेवून कायदा पास झाला.

तीसेक वर्षं नोकरी करून १८९७ ला रिटायर झाले ते साताऱ्याचे जज्ज म्हणूनच, हायकोर्ट नाहीच. काहीजण म्हणतात ‘मग काय उपयोग?’ अरे, त्या माणसाने इकडे राहून मराठी शिकली, तुकोबांचे अभंग बंगालीत नेले, मुंबई इलाख्यावर बंगालीत पुस्तक लिहिलं. धाकटा भाऊ रवींद्रनाथ सतरा वर्षांचा असताना अहमदाबादला त्यांच्याकडेच येऊन राहिला, विलायतेलाही त्यांच्यासोबतच गेला. साईड पोस्टिंग मिळालं म्हणून तोंड पाडून बसणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिलेत, त्यांच्यापुढे हे मला फार भारी वाटतं.

आणि हो, पेपरात ‘पहिले भारतीय कलेक्टर’ असा ऑप्शन दिसला तर घाईत टिक करू नका, आयसीएस झाला म्हणजे कलेक्टर झाला असं नसतं. निवड १८६३, परत आले १८६४, यातही दर वर्षी दोघंतिघं गंडतातच.