माझ्या बोटांनी उघडतं, नानांच्या नाही

मंगळवार म्हटलं की लालबाग-परळच्या माणसाच्या डोळ्यांपुढे सिद्धिविनायकाची रांग येते. माझ्या डोळ्यांपुढे हल्ली महिन्याचा दुसरा मंगळवार येतो. त्या संध्याकाळी, इथल्या म्हणजे जर्मनीतल्या श्टुटगार्टच्या घड्याळात सातच्या सुमारास, मायक्रोसॉफ्टचे त्या महिन्याचे अपडेट बाहेर पडतात. बुधवारी सकाळी मी ऑफिसात जाऊन कॉफी घेतो आणि एक फाईल उघडतो. फाईल एकच, पण तिच्यात अख्खा संगणक घडी घालून ठेवलेला असतो: विंडोज, ऑफिस, प्रिंटरची सोय, मुलांचं गणिताचं सॉफ्टवेअर, सगळं.

"श्टुटगार्टला नेमकं करतोस काय तू?" हा प्रश्न दर सुट्टीत चाळीत कोणीतरी विचारतंच. (श्टुटगार्ट हे 1968 पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे, हे सांगितलं की विचारणारा जरा सैलावतो.) तर मी शाळांचे संगणक तयार करतो. 2019 साली जर्मनीच्या केंद्र सरकारने शाळांच्या डिजिटल सोयींसाठी 5 अब्ज युरोंची योजना काढली आणि शाळांत यंत्रांचा पूर आला. आमच्या राज्यात उन्हाळ्याची सुट्टी जुलैच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत, सहा आठवडे. शेकडो लॅपटॉप त्या सहा आठवड्यांत सज्ज व्हायला हवेत. एकेकावर विंडोज टाकत बसलो तर पोरं दहावी होऊन बाहेर पडतील. म्हणून एका तयार संगणकाची इमेज, म्हणजे तीच घडी घातलेली फाईल, करायची आणि सगळ्यांवर ती उतरवायची.

हे काम मला नवीन नव्हतं. 2001-02 मध्ये मी मुंबईच्या संगणक-बाजारात, लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात उमेदवारी केली. तिथे याला 'घोस्ट मारणे' म्हणायचे. "साहेब, फॉरमॅट नको, घोस्ट मारून देतो, वीस मिनिटांत घेऊन जा." नॉर्टन घोस्ट हे मूळचं न्यूझीलंडच्या ऑकलंडमधल्या मंडळींचं, 1998 मध्ये सिमँटेकने विकत घेतलं. आमच्या शेठकडे त्याची एक फ्लॉपी आणि तीन-चार सीडी होत्या. त्या सीडींवर काय काय होतं आणि त्याचे परवाने कुणाकडे होते, हे विचारायची तेव्हा पद्धत नव्हती.

जर्मनीत आल्यावर नवीन शिकलो ते हे की इमेज नुसती मारायची नसते, ती राखायची असते. विंडोज व्हिस्टापासून मायक्रोसॉफ्टने 'विम' नावाचा इमेजचा प्रकार आणला. जुन्या पद्धतीत डिस्क जशीच्या तशी, कप्प्यामागून कप्पा उचलली जायची. विम फाईलनिहाय साठवतं. एकाच फाईलमध्ये विंडोजच्या दोन आवृत्त्या ठेवल्या तरी दोघींत सारखी असलेली गोष्ट आत एकदाच राहते. आणि मुख्य सोय अशी की हा डबा उघडता येतो. 'डिस्म' नावाच्या आज्ञेने ती फाईल एका रिकाम्या फोल्डरवर माउंट करायची. मग त्या फोल्डरात संगणकाची पूर्ण सी ड्राइव्ह दिसते. नवा ड्रायव्हर (एखादा सुटा भाग विंडोजला ओळखू यावा म्हणून लागणारा छोटा प्रोग्राम) घाला, अपडेट लावा, नको ते काढा, आणि 'कमिट' म्हणून झाकण लावा. एकही यंत्र सुरू न करता शेकडो यंत्रांची दुरुस्ती होते.

'कमिट' म्हणायचं मात्र विसरायचं नाही. पहिल्या उन्हाळ्यात नव्या लॅपटॉपांचं नेटवर्क कार्ड इमेजला ओळखू येत नव्हतं. दुपारभर ड्रायव्हर शोधून घातले आणि शेवटी घाईत 'डिस्कार्ड' दिलं. डिस्मने निमूटपणे सगळं टाकून दिलं. दुसऱ्या दिवशी कमिट दिलं, तर म्हणे फोल्डर पूर्णपणे सोडता येत नाही. अर्धा तास डोकं खाजवल्यावर कळलं की तोच फोल्डर मी दुसऱ्या खिडकीत उघडा ठेवला होता. दारातच पाय ठेवून दार लावायला निघालो होतो.

इथल्या इमारतींत साफसफाईची पाळी असते, केअरवोखे म्हणतात तिला. ज्याची पाळी त्याच्या दारावर पाटी लटकते. आमच्या ऑफिसात इमेज साफ ठेवायची अशीच पाटी आहे, पुठ्ठ्याची. ती गेले आठ महिने माझ्याच टेबलावर आहे, पण तो वेगळा विषय.

आता मुंबई.

गेल्या नाताळच्या सुट्टीत येणार म्हणून कळवलं तर नानांचा फोन आला. नाना म्हणजे आमच्या मंडळाच्या अभ्यासिकेचे सर्वेसर्वा. गिरणी बंद पडल्यापासून त्यांनी ती खोली धरून ठेवली आहे. करी रोड स्टेशनपासून चालत सात मिनिटं, खाली गणपतीचा कारखाना, वर एमपीएससीची पोरं. "अरे, अठरा संगणक आलेत. फुकट. पण म्हणे चालत नाहीत."

चालत होते ते. 14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा नेहमीचा सपोर्ट संपला आणि विंडोज 11 ला इंटेलचा निदान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. हे सगळे सातव्या पिढीचे. कुठल्यातरी ऑफिसने धडधाकट यंत्रं अशी वाटून टाकली होती. त्यांतल्या एका हार्डडिस्कवर त्या ऑफिसचं पगारपत्रक जसंच्या तसं होतं, नावं आणि बँक खात्यांसकट. नाना त्या डिस्का भंगारवाल्याला द्यायला निघाले होते. त्या आधी पुसल्या पाहिजेत, यावरून आमचा पहिला वाद झाला.

मी ठरवलं, विंडोजऐवजी मोफत मिळणारं लिनक्स टाकू. परवान्याची भानगड नाही आणि सातव्या पिढीला ते जड नाही. श्टुटगार्टच्या घरी एका सुट्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट बसवलं, मराठी इनस्क्रिप्ट कीबोर्ड लावला, लिबरऑफिस टाकलं. पासवर्ड साधा, 'अभ्यासिका' हाच शब्द रोमन अक्षरांत. मग क्लोनझिलाने त्याची इमेज काढली. क्लोनझिला हे तैवानच्या सरकारी संगणन केंद्रात घडलेलं मोफत साधन आहे आणि घोस्टचा खरा वारस मी त्यालाच मानतो. इमेज जेमतेम 6 गिगाबाइटची झाली. पेनड्राइव्ह खिशात टाकून विमानात बसलो, आणि प्रवासभर स्वतःवर खूश होतो.

पहिला दणका लॅमिंग्टन रोडने दिला. जुन्या डिस्का काढून एसएसडी टाकायच्या होत्या, त्या घेतल्या 240 जीबीच्या. माझ्या लॅपटॉपची होती 256 ची. दुकानदार म्हणाला, "एकच असतं हो ते साहेब." वापरणाऱ्याला एकच असतं. क्लोनझिला मात्र मूळ डिस्कपेक्षा लहान डिस्क दिसली की हात वर करतो, आत माल 12 जीबीचा का असेना. आणि इथेच विमची आठवण झाली, कारण क्लोनझिलाची इमेज अशी सहज उघडून आवळता येत नाही. तो सीलबंद पेटारा असतो. आधी कुठेतरी उतरवायचा, तिथे बदल करायचा आणि पुन्हा बांधायचा. पुसलेल्या जुन्या 500 जीबीच्या एका डिस्कवर ती उतरवली, विभाग आवळून 60 जीबीचा केला, इमेज परत काढली, आणि आकार तपासू नकोस असं क्लोनझिलाला बजावलं. एक रविवार त्यातच गेला.

नाना बाजूला खुर्ची टाकून बघत होते. "इमेज म्हणजे फोटोच ना?"

"साचा म्हणा नाना. खालच्या कारखान्यासारखा."

ते लगेच म्हणाले, "मग साच्यात डोळे नसतील."

मी हबकलो. कारण नेमकं तेच आहे. साच्यातून मूर्ती निघते ती डोळ्यांविना. आखणी नंतर हाताने, प्रत्येकीची वेगळी. इमेज काढण्याआधीही यंत्राची ओळख पुसावी लागते: त्याचं नाव, अंतर्गत क्रमांक, सुरक्षेच्या किल्ल्या. विंडोजमध्ये त्यासाठी सिसप्रेप असतं, लिनक्सवर मी हाताने पुसलं होतं. नाहीतर अठरा यंत्रं नेटवर्कवर एकच नाव सांगत उभी राहतात. आमच्या सुपरवायझरला हे समजवायला मला दोन मीटिंगा लागल्या होत्या.

सोमवारी संध्याकाळी अठरा यंत्रं नेटवर्कच्या एका जुन्या स्विचला जोडली. तो 100 मेगाबिटचा, म्हणजे सेकंदाला फार तर 12 मेगाबाइट. एकेका यंत्राला वेगळी प्रत पाठवली असती तर अडीच तास लागले असते. मल्टिकास्टमध्ये सर्व्हर एकदाच बोलतो आणि सगळे एकदम ऐकतात, म्हणून दहा मिनिटांत व्हायला हवं होतं. झालं नाही. पंधरा मिनिटांनीही पडद्यावरची प्रगतीची रेघ वीस टक्क्यांवरच. मल्टिकास्टमध्ये एकाला जरी नीट ऐकू आलं नाही तरी सगळे त्याच्यासाठी खोळंबतात. अकरा नंबरची केबल बघितली तर उंदराने कुरतडलेली. प्राचीने, म्हणजे अभ्यासिकेतल्या राज्यसेवेवाल्या पोरीने, कुठूनतरी दुसरी आणली आणि रेघ सरसर पळाली.

अठरा पडद्यांवर एकदम लॉगिनचं पान आलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिला मान नानांचा. त्यांनी चष्मा सारखा केला आणि एका बोटाने, एकेक अक्षर शोधत पासवर्ड टाकला.

चुकीचा पासवर्ड.

परत. परत चुकीचा. मी म्हटलं, बघू, आणि खटाखट टाइप केलं. उघडलं. बंद करून नानांना परत दिलं. चुकीचा. दुसऱ्या यंत्रावर प्राचीने प्रयत्न केला, नाही. माझ्याने लगेच. तिसऱ्यावर तेच.

"तुझ्या बोटांचे ठसे घालून ठेवलेस काय रे?" नाना वैतागले.

आठ-दहा मिनिटं अशी गेली. माझ्या डोक्यात कॅप्स लॉक, खराब कीबोर्ड, बिघडलेली इमेज असं काय काय येऊन गेलं. मग प्राची माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. "दादा, परत टाइप करा. हळू."

मी हळू टाइप केलं.

"तुम्ही वाय दाबतच नाही आहात. तुम्ही झेड दाबताय."

जर्मन भाषेत झेड पदोपदी लागतो आणि वाय क्वचित, म्हणून त्यांच्या कीबोर्डवर या दोघांनी जागा बदललेल्या असतात. माझ्या घरचा लॅपटॉप जर्मन, त्यामुळे इमेजमधली कीबोर्डची रचनाही जर्मन. मुंबईच्या कीबोर्डवर वाय छापलेली कळ दाबली की पडत होता झेड, आणि नानांच्या पासवर्डचं होत होतं 'अभ्झासिका'. माझ्या बोटांना मात्र सहा वर्षांत वाय खाली डावीकडे शोधायची सवय लागलेली. कळांकडे न बघता टाइप करतो, त्यामुळे माझी चूक इमेजमधल्या चुकीशी बरोब्बर जुळत होती. आदल्या दिवशी चाचणी मी एकट्याने घेतली होती आणि ती अर्थातच उत्तम पार पडली होती.

चाळीत वाढलेला माणूस मी. माझी बोटं जर्मन झाली आहेत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दुरुस्ती एका ओळीची. कीबोर्डच्या फाईलमध्ये 'डीई' आहे तिथे 'यूएस' लिहायचं. विम असतं तर पाच मिनिटांत डबा उघडून बंद केला असता. इथे पुन्हा पेटारा सोडून बांधणं आलं. प्रत्येक यंत्रावर हाताने बदललं असतं तरी चाललं असतं, पोरं म्हणतच होती. पण पुढच्या वर्षी कुणी त्याच इमेजवरून यंत्र उभं केलं की तीच चूक परत उगवणार. मूळ यंत्र दुरुस्त केलं, इमेज नव्याने काढली, जुनी सगळ्यांसमोर डिलीट केली. यावेळी चाचणी नानांच्या बोटाने.

पुन्हा पाठवायच्या वेळी नानांनी अठरा नंबरची केबल काढून हातात धरली. "हा राहू दे तसाच. यावर मंडळाचा हिशोब ठेवतो. पोरांना उघडायला नको." मी सांगून पाहिलं की हे काही कुलूप नव्हे, कुणालाही तासाभरात कळेल. त्यांनी ऐकलं नाही. सर्व्हरला अठराऐवजी सतरा यंत्रं सांगितली आणि बटण दाबलं.

परत येऊन तीन आठवडे झाले. काल नानांची मेल आली, रोमन लिपीतली मराठी, उघडच अठरा नंबरवरून लिहिलेली. संगणक बरे चालले आहेत म्हणतात. पुढे लिहिलंय: "तुयी काकी विचारते, गणपतीला झेणार का? नक्की झे."