पेवातली हळद आणि दहा वर्षांचा अल्बम

१३ मार्च २०२१, शनिवार. रात्रीचे साडेअकरा.

आज बरोबर वर्ष झालं. गेल्या वर्षी १३ मार्चला, शुक्रवारी, जे इलेक्ट्रॉनिका या अमेरिकन रॅपरचा पहिला अल्बम 'अ रिटन टेस्टिमनी' आला आणि नऊ दिवसांनी जनता कर्फ्यू लागला. त्यामुळे त्या अल्बमवरून आम्हा तिघा मित्रांत जे भांडण व्हायचं होतं ते सगळं फोनवर झालं. फोनवरच्या भांडणात राम नसतो. समोरचा तोंड वाकडं करतोय का ते दिसत नाही, मध्येच त्याच्या घरचा कुकर शिट्टी देतो आणि मुद्दा निसटतो. पुणेकर महाशिवरात्रीला गावी आलाय, मिरजकर इथलाच, आणि परवा पहाटे आपल्याकडे ग्रॅमीचा निकाल कळणार. बेस्ट रॅप अल्बमच्या पाच नामांकनांत 'अ रिटन टेस्टिमनी' आहे. म्हटलं, आता समोरासमोर होऊन जाऊ दे.

सांगलीशेजारच्या हरिपूरला संगमावर बसलो. मास्क हनुवटीवर, मध्ये भडंगाचा पुडा, मिरजकरानं डब्यातून आणलेला चिरलेला कांदा. बायको घरी विचारत होती, तिघं मिळून कुठं चाललाय, तर काय सांगणार? एका अमेरिकन माणसाच्या चाळीस मिनिटांवर वाद घालायला. "जमिनीचं आहे जरा," म्हणालो.

हे लिहून ठेवायला हवं की आम्हाला हे वेड लागलं कसं. डिसेंबर २००९ मध्ये त्याचं 'एक्झिबिट सी' हे गाणं आलं तेव्हा आम्ही इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. आमच्यापर्यंत ते हॉस्टेलच्या लॅनवरून महिन्या-दोन महिन्यांनी पोचलं. फाइलचं नाव अर्धवट, त्यामुळे गायकाचं नावसुद्धा कित्येक दिवस आम्ही चुकीचंच घेत होतो. गाण्याला धृपद नाही. न्यू ऑर्लिन्सचं पोरगं न्यूयॉर्कला आलंय, राहायला जागा नाही, ट्रेनमध्ये झोपतंय, पावसात झोपतंय, आणि जस्ट ब्लेझ या संगीतकारानं खालून एक जुना सोल आवाज गरगर फिरवत ठेवलाय. निम्मं कळायचं नाही. मिरजकरानं जर्नलच्या मागच्या पानांवर ओळी उतरवल्या होत्या, न कळलेल्या जागी नुसती टिंबं. पहिल्या पानावर टिंबं जास्त आणि अक्षरं कमी. सेमिस्टर संपेपर्यंत टिंबं कमी होत गेली. त्या वर्षी आमचं इंग्रजी सुधारलं ते एवढ्यामुळंच. गणिताबद्दल तसं म्हणता येणार नाही.

नोव्हेंबर २०१० मध्ये जे-झी या बड्या रॅपरनं त्याला आपल्या रॉक नेशन या कंपनीत घेतलं. आम्ही म्हणालो, सहा महिन्यांत अल्बम.

मग वर्षंच गेली. २०१२ मध्ये 'अ‍ॅक्ट टू' नावाच्या अल्बमची गाण्यांची यादी जाहीर झाली, अल्बम काही आला नाही. आम्ही पास झालो. पुणेकर पुणेकर झाला. मी दोन वर्षं नोकरी करून मार्केट यार्डात आण्णांच्या अडतीवर येऊन बसलो. मुंबईच्या डिव्हाइन या रॅपरनं २०१५ मध्ये 'मेरे गली में' काढलं आणि २०१९ मध्ये 'कोहिनूर', म्हणजे आपल्याकडची पोरं शून्यातून उठून अल्बमपर्यंत पोचली तरी हा बाबा तिथंच. त्याच वर्षी ऑगस्टात पूर आला. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं, आमच्या गावभागातल्या घरात खालचा मजला बुडाला, आणि कपाटाच्या खालच्या कप्प्यातली हार्ड डिस्कपण. त्यात ती लॅनवरची, नाव चुकलेली फाइल होती. लोकांचं काय काय गेलं होतं त्या पुरात, हे कुणाला सांगायची सोय नव्हती. आज पहिल्यांदा लिहितोय.

तर आजचा वाद. पुणेकरानं बसल्या बसल्या तोफ डागली. "लगा, हा अल्बम त्याचा नाहीच. दहा ट्रॅक, त्यातल्या आठांवर जे-झी. पहिल्या ट्रॅकवर त्या धर्मनेत्या लुई फराखानचं भाषण. मग दुसऱ्यावर पहिला रॅप कुणाचा येतो? जे-झीचा! दहा वर्षं वाट बघितली आणि दार उघडायला मालक आला."

मुद्दा खोटा नाही. एकट्याचं पूर्ण गाणं एकच, 'फ्रूट्स ऑफ द स्पिरिट', आणि ते दीड मिनिटात संपतं.

मिरजकराची गल्ली सतारमेकरांची. लहानपणापासून भोपळे आणि जवारी बघत वाढलेला, त्यामुळे त्याची उदाहरणं कुठून येणार ते ठरलेलं. "मागं तानपुरा लावलाय म्हणून गाणं तानपुऱ्याचं होत नाही," म्हणाला.

"तानपुरा ताना मारत नाही, भावा. हा मारतोय."

यावर मिरजकर गप्प बसला. भडंगातले शेंगदाणे वेचून वेचून खात होता. तो हरला की असाच करतो, २००९ पासून.

मग गाडी 'पदार्पण' या शब्दावर गेली. २००७ चं 'अ‍ॅक्ट वन' धरायचं की नाही? पंधरा मिनिटांचं ते, एका सिनेमाच्या पार्श्वसंगीतावर, जवळजवळ ड्रमशिवाय. मिरजकर म्हणतो तेच खरं पदार्पण. पुणेकर म्हणतो, मग तिशीतला होता म्हण, त्रेचाळिसाव्या वर्षी पहिला अल्बम काढला असं रडू नकोस. न्यूयॉर्कच्या नास या रॅपरनं 'इलमॅटिक' काढला तेव्हा तो वीस वर्षांचा होता, तोही दहाच ट्रॅकचा, तोही चाळीस मिनिटांच्या आसपास. हे नासचं उदाहरण पुणेकर दर वेळी आणतो. आमचा आतेभाऊ सातवीत स्कॉलरशिपमध्ये आला होता, त्याचं नाव घरात जसं निघायचं, तसं.

मी फारसं बोललो नाही. मला जे म्हणायचं होतं ते मला आण्णांनी डिसेंबरातच शिकवलं होतं, आणि ते सांगायची लाज वाटत होती. कारण रॅप म्हणजे आपला पोवाडाच, हे वाक्य कुणी म्हणालं की मला उठून जावंसं वाटतं. सत्कार समारंभातलं वाक्य आहे ते. पण झालं असं की छोट्या हत्तीतून पोती घेऊन यार्डाकडे निघालो होतो, आण्णा शेजारी, आणि मी हाच अल्बम लावलेला. आण्णा वाळव्याकडचे. पठ्ठे बापूरावांचं रेठरे हरणाक्ष त्यांच्या गावापासून जवळ, तरुणपणी जत्रांमधून तमाशाच्या राहुट्यांबाहेर रात्री काढलेल्या. इंग्रजीचं एक अक्षर कळत नाही. तीनेक मिनिटं ऐकून घेतलं आणि म्हणाले,

"ह्यात शाहीर कोण आणि झीलकरी कोण?"

"तुम्हीच सांगा."

जे-झीचा आवाज आला की बोट वर. "ह्यो मुरलेला हाय. ह्यो शाहीर. त्यो दुसरा अजून बिचकतोय." मला वाईट वाटलं. दहा वर्षांचा माझा माणूस, आणि आण्णांनी तीन मिनिटांत त्याला मागच्या रांगेत उभा केला. मग त्यांनी विचारलं, "वर नाव कुणाचं हाय?"

"त्या दुसऱ्याचं."

"आणि ह्याचं?"

"कुठंच नाही. गाण्यांच्या यादीतसुद्धा नाही."

आण्णा हसले. लावणीच्या शेवटच्या ओळीत कवी आपलं नाव घालतो, ती छाप पडली की गाणं त्याच्या मालकीचं. "आठ गाणी म्हणून नाव घालत न्हाई म्हंजे गडी मोठाच हाय की रं," म्हणाले, आणि खिडकीबाहेर थुंकले.

हे आज दोघांना सांगितलं. पुणेकर म्हणाला, आण्णांनी माझाच मुद्दा मांडला. मिरजकर म्हणाला, आण्णांनी माझाच मुद्दा मांडला.

माझी खरी बोच वेगळीच आहे. फेब्रुवारी २०२० मध्ये अल्बम तयार झाल्याचं त्यानं सांगितलं तेव्हा म्हणाला, चाळीस दिवस आणि चाळीस रात्रींत केला. लोकांना ते थोर वाटलं, बायबलमधलं वगैरे. मी मात्र दुकानात कॅल्क्युलेटर पुढ्यात होता म्हणून हिशेब केला. 'एक्झिबिट सी'पासून धरले तर साडेतीन हजारांवर दिवस, त्यातले चाळीस. म्हणजे बाकीची सगळी वर्षं या अल्बममध्ये नाहीतच. ती आमची होती. आम्ही समजत होतो तो आत कुठंतरी काहीतरी मुरवतोय.

इथं हरिपूरच्याच मातीत पूर्वी हळदीची पेवं होती. पंचवीस-तीस फूट खोल, तोंड अरुंद, आत घागरीसारखी फुगीर. हळद भरायची, तोंड बंद करायचं आणि वर्षानुवर्षं बघायचं नाही. मी दहा वर्षांचा असेन, एक पेव उघडताना आण्णांनी मला कॉलरला धरून कडेला उभं केलं होतं. उघडलं की लगेच कुणी उतरत नाही. आत हवा कोंडलेली असते, माणूस जागेवर मरतो. तोंड उघडं ठेवून हवा खेळू द्यायची, मग दोरीला कंदील बांधून खाली सोडायचा. कंदील विझला तर थांबायचं. तो वास अजून नाकात आहे, हळदीचा कमी आणि बंद खोलीचा जास्त. २००५ च्या पुरात बरीच पेवं बसली. मी आण्णांना एकदा विचारलं होतं, इतकी वर्षं ठेवून हळद मुरते का? "लोणचं हाय काय मुरायला? भावासाठी ठेवत्यात."

गेल्या ऑक्टोबरात ते पेव फुटलंच. 'अ‍ॅक्ट टू' बाहेर सांडला, मग अधिकृतपणे टायडल या गाण्यांच्या ॲपवर आला. आम्ही कुठून ऐकला ते लिहीत नाही. काही गाणी अर्धवट, काहींना शेवट नाही. लोक म्हणाले हाच खरा अल्बम, हाच २०१२ ला यायला हवा होता. मिरजकरही तेच म्हणतो. मला ऐकताना कडेला उभं राहिल्यासारखं वाटलं. आत काय काय सुंदर आहे ते दिसतंय, पण हवा कोंडलेली. आणि 'टेस्टिमनी'मध्ये जे एकच गाणं त्या पेवातलं आहे, 'शायनी सूट थिअरी', २०१० चं, ते सुरू झालं की बाकीच्या नऊ गाण्यांतून उठून वेगळं दिसतं. जुन्या मालाचा रंग वेगळाच पडतो, पोत्यात मिसळला तरी यार्डातला हमालसुद्धा ओळखतो.

म्हणून माझं मत असं की चाळीस दिवसांत केला तेच बरं झालं. शेजारी मुरलेला शाहीर बसवून, घाबरत घाबरत, ताजा माल काढला. घाबरत होता हे त्यानं 'द ब्लाइंडिंग'मध्ये सांगितलंयच: रात्री-अपरात्री ओळी पिळून काढायच्या, त्या कशासाठी, तर तुम्ही त्याचा एकेक धागा उसवावा म्हणून? हे ऐकून मला थोडं ओशाळल्यासारखं होतं. आम्ही तिघं संगमावर बसून दुसरं काय करत होतो?

शेवटचं गाणं मी फार लावत नाही. मेलेल्या माणसांचे नंबर फोनमध्ये आहेत आणि ते आता कधी वाजणार नाहीत, अशा अर्थाचं आहे. मार्चात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा गाणं म्हणून ऐकलं. सप्टेंबरात तासगावचे मामा गेले. ऑक्सिजन बेडसाठी रात्रभर मी जिथं जिथं फोन लावले ते सगळे नंबर अजून आहेत, आणि 'तासगाव मामा'पण आहे. बेदाण्याच्या शेडचा फोटो डीपीला. पुणेकर आज म्हणाला, त्या गाण्यातही जे-झी आहे. मी म्हणालो, असू दे.

भडंग संपलं तेव्हा काळोख पडला होता. निकाल काही लागला नाही. डासांनी फोडून काढलं.

१५ मार्च, सोमवार. सकाळ.

नासला मिळालं. 'किंग्ज डिसीज'ला. त्याचं आयुष्यातलं पहिलं ग्रॅमी. १९९४ मध्ये विशीतला 'इलमॅटिक' आणि ग्रॅमी आत्ता, सत्तावीस वर्षांनी. पुणेकराचा सात वाजता फोन, नुसताच हसत होता. मिरजकराचा सव्वासातला: "त्याला सांग, तुझा स्कॉलरशिपवाला पण वाटच बघत होता की रं."

आण्णा ओट्यावर चहा घेत होते. हळदीला यंदा बऱ्याच वर्षांनी भाव आलाय म्हणून आधीच खुशीत.

"तुमच्या त्या बिचकणाऱ्याचं काय झालं?"

"नाही मिळालं."

"आणि त्या मुरलेल्याचं?"

"त्याला मिळालं. पण एका बाईच्या गाण्यासाठी. मेगन दी स्टॅलियन म्हणून आहे. त्यात हा म्हणत नाही काही, लिहिणाऱ्यांत नाव आहे."

आण्णांनी बशीतला चहा संपवला. "नाव घातलंय म्हंजे तिथं," म्हणाले, आणि चपला शोधायला लागले. सौदे सुरू व्हायच्या आत पोचायचं होतं.